दान टोळी आयर्लंडला पोचली होती का? तुआहा डे दाननबद्दल सविस्तर

प्रश्न असा आलाय की आयर्लंडच्या जुन्या कथांमधले ते देवासारखे लोक, तुआहा डे दानन, हे म्हणजे इस्रायलच्या बारा टोळ्यांपैकी हरवलेली दान टोळी होते का, टाराच्या टेकडीवरचा राज्याभिषेकाचा दगड हा बायबलमधल्या याकोबाने, म्हणजे इस्रायली लोकांच्या पूर्वजाने, बेथेलला उशाला घेतलेला दगड आहे का, आयरिश आणि हिब्रू भाषांची ठेवण सारखी का वाटते, आणि आता डीएनएनेही आयरिश लोक मध्यपूर्वेतून आल्याचं सिद्ध झालंय असं म्हणतात ते खरं का. मी बरीच वर्षं मध्ययुगीन आयरिश ग्रंथ शिकवते आणि हे चारही प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

टोळी जहाजात बसून आयर्लंडला गेली असं दाखवणारा काही पुरावा नाही. पण एवढ्यावर विषय बंद केला तर मोठं नुकसान होतं, कारण आयरिश कथा आणि इस्रायल यांच्यात नातं आहे, अगदी घट्ट आहे, आणि ते ओळीओळीवर दाखवता येतं. ते नातं आयरिश भिक्षूंनी बायबल वाचून, त्याच्यावर वर्षानुवर्षं विचार करून स्वतः तयार केलंय. पुढे १९ व्या शतकात काही लोकांनी त्यांचं हे लिखाण हातात घेतलं आणि बघा, पुरावा सापडला, म्हणाले. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी दान टोळीचं बघू. बायबलमधल्या शास्ते पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात दानचे लोक उत्तरेला जाऊन लईश नावाचं शहर घेतात आणि त्याला आपल्या पूर्वजाचं नाव देतात. ते ठिकाण आज तेल दान म्हणून ओळखलं जातं, इस्रायलच्या उत्तर टोकाला, तिथे खूप उत्खनन झालंय आणि १९९३ मध्ये तिथेच तो प्रसिद्ध अरामी शिलालेख मिळाला ज्यात दावीदाच्या घराण्याचा उल्लेख आहे. आता याच शास्ते पुस्तकात पाचव्या अध्यायात दबोरेच्या गीतात एक ओळ येते की दान जहाजांपाशी का राहिला. बस, एवढ्या एका ओळीवर दान हे दर्यावर्दी होते, आणि दर्यावर्दी होते म्हणजे लांब गेले असणार, आणि लांब गेले म्हणजे जाताना वाटेत नावं ठेवत गेले असणार अशी सगळी माळ ओवली गेली. डॅन्यूब, डॉन, नीपर, नीस्टर, डेन्मार्क, जिथे द आणि न दिसेल तिथे दान टोळीचं पाऊल!

या नद्यांच्या नावांचा उलगडा मराठी माणसाला पटकन पटेल असा आहे. 'दानु' हा जुना इंडो-युरोपियन शब्द आहे, पाणी, प्रवाह, नदी अशा अर्थाचा, काळ्या समुद्राच्या उत्तरेला राहणाऱ्या शक वगैरे इराणी भाषा बोलणाऱ्या लोकांमध्ये तो नदीसाठी सर्रास होता आणि डॉन, नीपर, नीस्टर ही नावं तिथूनच आली. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या ३२ व्या सूक्तात वृत्राची आई दानु आहे, पाणी अडवून धरणाऱ्याची आई, दानव शब्द तिच्यावरूनच. म्हणजे नद्यांमधला 'दान' हा आपल्या भाषाकुळातला आहे, हिब्रूचं कुळच वेगळं. हिब्रूत दान म्हणजे न्याय करणारा. दोन अक्षरं जुळली म्हणून दोन लोक जुळत नाहीत, आपल्याकडेही व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं सांगणारे आहेत आणि चूक नेमकी तीच आहे.

मग तुआहा डे दाननमधलं दानन काय? इथे थोडं थांबायला पाहिजे कारण सगळ्या दाव्याचा पाया हे नाव आहे. सगळ्यात जुन्या आयरिश लिखाणात यांना नुसतं तुआह डे म्हणतात, म्हणजे देवांचे लोक किंवा देवाचे लोक. आणि गंमत बघा, हाच शब्द आयरिश भिक्षू बायबलमधल्या इस्रायली लोकांसाठीही वापरायचे, कारण ते देवाचे निवडलेले लोक. आता एकाच शब्दाने मोशेचे लोक आणि टेकड्यांखाली राहणारे जुने देव असे दोन्ही ओळखायचे म्हटल्यावर गोंधळ होणार, म्हणून नंतरच्या लेखकांनी जुन्या देवांच्या नावापुढे दानन जोडलं असावं असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर हे लोक इस्रायली ठरवले जातात तो शब्द बहुतेक ते इस्रायली नाहीत हे कळावं म्हणूनच लावला गेला. मला या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो आणि तो कोणी सांगतच नाही. बाकी दानू नावाची देवी होती का, यावर अजून वाद आहे, कारण ग्रंथांत दानन किंवा दोनंद अशी रूपं मिळतात आणि दानू हे रूप आधुनिक अभ्यासकांनी त्यावरून मागे जाऊन बांधलेलं आहे, काही ठिकाणी तर या लोकांमधल्या तिघांना 'दान'चे तीन देव म्हटलंय आणि तिथे दान म्हणजे कला, कारागिरी.

आता टोळ्या हरवल्या म्हणजे नेमकं काय झालं. असिरियाच्या तिग्लथपिलेसर राजाने इ.स.पू. ७३२ च्या सुमाराला गालील आणि उत्तरेचा भाग घेतला, नंतर इ.स.पू. ७२२ च्या आसपास शोमरोन, म्हणजे इस्रायलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी, पडलं. सर्गोन राजा आपल्या शिलालेखात सुमारे २७ हजार लोक हलवल्याचं सांगतो. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक त्यांना कुठे नेलं ते सांगतं, हलह, हाबोर, गोजान नदीचा भाग आणि माद्य लोकांची शहरं, म्हणजे आजचा उत्तर सिरिया, इराक आणि इराणचा काही भाग. आणि ते तिथे सापडतातही! असिरियन सैन्याच्या घोड्यांच्या याद्यांमध्ये शोमरोनच्या रथवाल्यांची तुकडी आहे, गोजानच्या मातीच्या पाट्यांवर याहवेचं, म्हणजे इस्रायलच्या देवाचं, नाव जोडलेली माणसं येतात. बरेच लोक तर हललेच नाहीत, आणि बरेच दक्षिणेला यहूदात पळाले, यरुशलेम शहर त्याच काळात एकदम मोठं झालं. जे नेले गेले ते दोन-चार पिढ्यांत आजूबाजूच्या लोकांत मिसळले. हरवले हा शब्द नंतरच्या लोकांच्या ओढीतून आलाय, ती ओढ मला समजते, पण त्यांना आयर्लंडला पाठवायची गरज इतिहासाला पडत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, लेबोर गबाला एरेन. नावाचा अर्थ आयर्लंड ताब्यात घेतल्याचं पुस्तक, ११ व्या शतकात आकाराला आलेलं, पण त्यातला बराच मसाला त्याच्या आधीच्या काही शतकांमधला, ९ व्या शतकातल्या ब्रिटनच्या एका लॅटिन इतिहासातही त्याचं छोटं रूप सापडतं. आयर्लंडवर एकामागून एक लोक कसे आले याची ही कथा आहे. पहिली येते केसीर, नोहाची नात, जलप्रलयाच्या चाळीस दिवस आधी. मग पार्थोलोन, मग नेमेद, मग फिर बोल्ग, मग तुआहा डे दानन काळ्या ढगांमधून येतात असं एका पाठात आहे, आणि शेवटी मीलचे मुलगे, म्हणजे गेल लोक, आजच्या आयरिश लोकांचे पूर्वज. आणि या पुस्तकातच वंशावळी दिल्यात. तुआहा डे हे नेमेदचे वंशज, नेमेदची वंशावळ मागे मागोग आणि याफेथपर्यंत जाते. इस्रायल हा शेमचा वंश. म्हणजे ज्या पुस्तकाचा आधार घेऊन दान टोळीची गोष्ट सांगतात ते पुस्तकच स्पष्ट सांगतं की हे नोहाच्या दुसऱ्या मुलाच्या शाखेतले.

गेल लोकांची गोष्ट तर त्याहून सुंदर आहे. फेनियस फारसिद नावाचा सिथियाचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचा, विद्वान राजा बाबेलच्या बुरुजाशी जातो, बायबलमध्ये जिथे माणसांची एक भाषा फुटून अनेक झाल्या तिथे, भाषा फुटल्यानंतर त्या सगळ्या शिकून घेतल्या जातात आणि त्यातलं उत्तम ते निवडून गेलिक भाषा घडवली जाते. त्याचा मुलगा नेल, त्याची विद्वत्ता ऐकून फारो त्याला इजिप्तला बोलावतो आणि आपली मुलगी स्कोटा त्याला देतो, त्यांचा मुलगा गेडेल ग्लास. नेमके तेव्हा इस्रायली लोक इजिप्तमधून निघतात आणि तांबड्या समुद्राच्या काठी तळ देतात, नेल जाऊन मोशेचा भाऊ अहरोन याला भेटतो, धान्य देऊ करतो. त्या रात्री छोट्या गेडेलला साप चावतो. नेल त्याला मोशेकडे घेऊन जातो, मोशे प्रार्थना करतो, काठी टेकवतो आणि मूल बरं होतं, फक्त हिरवा डाग राहतो, म्हणून ग्लास, हिरवट. आणि मोशे आशीर्वाद देतो की या मुलाचे वंशज जिथे राहतील तिथे साप नसेल.

बघा इथे काय चाललंय. आयर्लंडमध्ये साप नाहीत ही खरी गोष्ट, तिचं कारण थेट मोशेपाशी नेऊन ठेवलंय. पण लेखकाने गेडेलला मोशेचा नातेवाईक केलं नाही, शेजारी केलं. तो इस्रायलला मदत करणाऱ्याचा मुलगा आहे, त्याला आशीर्वाद मिळतो, पण त्याचा प्रवास वेगळा. पुढे हे लोकही इजिप्त सोडतात, पिढ्यान्‌पिढ्या भटकतात, त्यांच्यातला कायखेर नावाचा द्रुइड त्यांना सांगतो की आयर्लंड मिळेपर्यंत तुम्हाला विसावा नाही, मग स्पेनमध्ये ब्रेगोनच्या बुरुजावरून इथ नावाच्या माणसाला हिवाळ्याच्या संध्याकाळी दूरवर आयर्लंड दिसतं, आणि तो तिथे जातो आणि मारला जातो, देश मिळतो तो नंतरच्यांना. मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त देश बघतो आणि त्यात राहायला जात नाही, हे ज्याने वाचलंय त्याला हा सांगाडा ओळखू येतोच. हे लिहिणाऱ्या भिक्षूंपुढे युसेबियसच्या कालगणनेचं जेरोमने केलेलं लॅटिन भाषांतर होतं, ओरोसियसचा इतिहास होता ज्यात स्पेनच्या ब्रिगान्तिया शहरातला बुरुज येतो, सेव्हिलचा इसिदोर होता. या पुस्तकांमध्ये ग्रीक, रोमन, इजिप्शियन, इब्री सगळ्यांचा इतिहास होता, आयर्लंडचा नव्हता. जगाच्या टोकाच्या बेटावरच्या माणसाने आपल्या लोकांना जगाच्या इतिहासात जागा मिळवून दिली, आणि ती मिळवताना इस्रायलचा इतिहास साच्यासारखा वापरला. मील एस्पाने हे नावसुद्धा बहुतेक लॅटिन 'मिलेस हिस्पानिए', म्हणजे स्पेनचा सैनिक, यावरून केलेलं आहे, त्यामुळे तो कोणी खरा पूर्वज असण्याची शक्यता फार कमी.

आणि हे फक्त गोष्टींपुरतं नव्हतं. सुरुवातीच्या आयरिश चर्चला जुन्या कराराचं विलक्षण आकर्षण होतं, ८ व्या शतकातल्या त्यांच्या धर्मनियमांच्या संकलनात मोशेच्या नियमशास्त्रातले उतारे भरभरून येतात, पुरोहितांना लेवी लोकांसारखं मानायचं, दशमांश, वारसा, आश्रयाची ठिकाणं, सगळीकडे. त्यामुळे आयरिश कायदा आणि मोशेचा कायदा यांच्यात साम्य सापडलं तर आश्चर्य नाही, शोधायला लागलात तर ढीगभर सापडेल. ते पुस्तकातून आलंय आणि ते पुस्तक कोणाच्या हातात होतं हेही आपल्याला माहीत आहे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म येण्याआधीचा एकही ग्रंथ नाही, ओघम लिपीतले दगड आहेत, त्यांच्यावर बहुतेक फक्त माणसांची आणि कुळांची नावं. देवांच्या गोष्टी आपल्याकडे आल्यात त्या सगळ्या बायबल तोंडपाठ असलेल्या लोकांच्या हातून आल्यात, ही गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, तिच्याशिवाय या विषयावर काहीही बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हीच कथा पुढे राजकारणातही वापरली गेली. १३२० मध्ये स्कॉटलंडच्या सरदारांनी पोप जॉन २२ वा याला जे पत्र लिहिलं, आर्ब्रोथची घोषणा म्हणतात ते, त्यात स्कॉट लोक सिथियातून निघून स्पेनमार्गे आले आणि इस्रायली लोकांनी तांबडा समुद्र ओलांडल्यानंतर बाराशे वर्षांनी इथे पोचले असं लिहिलंय. तिथेही इस्रायल मोजपट्टी आहे, पूर्वज नाही. इंग्लंडच्या राजापुढे आम्ही जुने आणि स्वतंत्र आहोत हे सांगायचं होतं.

मग इस्रायली लोक पूर्वज कधी झाले? ब्रिटनमध्ये तुरळक विचार १७ व्या शतकापासून आहेत, १७९० च्या दशकात रिचर्ड ब्रदर्स नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने आपण दावीदाचे वंशज असल्याचं आणि ब्रिटिशांमध्ये अनेक इस्रायली लपलेले असल्याचं जाहीर केलं, पण ब्रिटिश लोकच खरे इस्रायली असं मानणाऱ्या चळवळीचा, म्हणजे ब्रिटिश-इस्रायलवादाचा, खरा पाया १८४० मध्ये जॉन विल्सनच्या व्याख्यानांनी घातला आणि १८७० च्या दशकात एडवर्ड हाइनने ती गर्दीपर्यंत नेली. साम्राज्य तेव्हा भरात होतं. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाला वचन आहे की तुझी संतती शत्रूंच्या वेशी ताब्यात घेईल, यांनी म्हटलं वेशी म्हणजे जिब्राल्टर, सुएझ. एफ्राइम टोळी म्हणजे ब्रिटन, मनश्शे टोळी म्हणजे अमेरिका, व्हिक्टोरिया राणी दावीदाच्या सिंहासनावर. साम्राज्य हे देवाचं वचन ठरलं की मग त्याच्याबद्दल कोणी प्रश्न विचारायचा नाही, ज्या देशांवर ते राज्य होतं त्यांच्यातल्या आपण लोकांनी तरी हे लक्षात ठेवावं.

शब्दांचे पुरावे यांचेच. सॅक्सन म्हणजे इसहाकचे मुलगे, हे फक्त इंग्रजीतच जुळतं, हिब्रूत इसहाक हा यित्झाक आहे, आणि सॅक्सन हे नाव 'सेआक्स' नावाच्या सुऱ्यावरून आलंय. ब्रिटिश म्हणजे हिब्रूत कराराचा माणूस, तर ब्रिटनचं नाव इ.स.पू. ४ थ्या शतकातल्या ग्रीक प्रवाशाच्या माहितीतून प्रेतानी असं येतं, प ने सुरू होणारं. वेल्श लोक स्वतःला कम्री म्हणतात म्हणून ते असिरियन लेखातल्या 'बीत हुम्री'चे, म्हणजे इस्रायलचा राजा अम्री याच्या घराण्याचे, इस्रायलचे. पण कम्री हे 'कोम-ब्रोगी' वरून आलंय, एका देशाचे सोबती.

यातली सगळ्यात दुःखद गोष्ट टाराला घडली. टारा म्हणजे मीथ परगण्यातली ती टेकडी जिथे आयर्लंडच्या महाराजांचं आसन मानलं जातं, पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी तिथे आहेत. १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश-इस्रायलवाद्यांनी तिथे रथ ऑफ द सिनॉड्स नावाच्या मातीच्या गोल तटबंदीत खोदकाम केलं, कशासाठी, तर कराराचा कोश, म्हणजे मोशेच्या दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, तिथे पुरलाय म्हणून. जमीनदाराची परवानगी होती. ना नकाशा, ना थरांची नोंद, मजूर लावून खड्डे. डग्लस हाइड, जॉर्ज मूर आणि डब्ल्यू. बी. येट्स या तिघा आयरिश लेखकांनी जून १९०२ मध्ये लंडनच्या टाइम्सला निषेधाचं पत्र लिहिलं, आर्थर ग्रिफिथने वर्तमानपत्रातून आवाज उठवला, आयरिश स्वातंत्र्यासाठी लढणारी मॉड गॉन स्वतः तिथे गेली आणि एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकासाठी रचून ठेवलेली होळी तिने आयर्लंडच्या नावाने पेटवली. खोदकाम थांबलं. पण तोपर्यंत त्या जागेचे थर उलटेपालटे झाले होते, १९५२-५३ मध्ये शॉन ओ रिअर्डन यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केलं तेव्हा त्यांना त्या उकरलेल्या मातीतून वाट काढावी लागली. तरीही काय मिळालं बघा, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांमधल्या रोमन जगातल्या वस्तू! आयर्लंड रोमन साम्राज्यात कधीच नव्हतं, म्हणजे टाराच्या लोकांचा बाहेरच्या जगाशी संबंध होता, व्यापार होता, आणि ही खरी गोष्ट कोशापेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते. जी कहाणी त्या जमिनीत खरंच होती तिचा काही भाग या लोकांनी कायमचा पुसून टाकला.

दगडाचं आता. लोक दोन वेगवेगळे दगड एकच समजतात. लिया फॉल हा टारावर आजही उभा आहे, कथेनुसार तो तुआहा डे लोकांनी फालियास नावाच्या शहरातून आणला आणि खरा राजा आला की तो ओरडायचा. १७९८ च्या बंडात टाराला मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ तो नंतर आत्ताच्या जागी हलवला. दुसरा स्कूनचा दगड, स्कॉटलंडच्या राजांचा, १२९६ मध्ये पहिल्या एडवर्डने वेस्टमिन्स्टरला नेला, १९५० च्या नाताळात काही स्कॉटिश विद्यार्थ्यांनी तो उचलून नेला, १९९६ मध्ये तो अधिकृतपणे स्कॉटलंडला परत गेला आणि २०२४ पासून पर्थच्या म्युझियममध्ये आहे. वजन सुमारे १५२ किलो. याकोबाचा दगड म्हणून त्याची ओळख वेस्टमिन्स्टरला मध्ययुगातच जोडली गेली होती, १९ व्या शतकात तिच्यात यिर्मया संदेष्टा आणि तेआ तेफी नावाची यहूदाची राजकन्या घातली. बायबलमध्ये यिर्मयाला इजिप्तमध्ये तहपन्हेसला नेतात आणि त्याची गोष्ट इजिप्तमध्येच थांबते. तेआ ही लेबोर गबालामध्ये आहे, पण लुगिदची मुलगी आणि एरिमोनची बायको म्हणून, टाराच्या नावाची उत्पत्ती सांगायला, आणि तेफी ही टाराबद्दलच्या वेगळ्या एका कवितेतली स्पेनच्या राजाची मुलगी. दोन बायका जोडून एक राजकन्या बनवली. आणि दगड तपासला तर तो स्कूनच्या आसपास मिळणारा लाल वालुकाश्म निघाला, बेथेलच्या डोंगरात चुनखडी आहे.

भाषेचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्यावर मोठमोठ्या विद्वानांनी डोकं लावलंय. आयरिश आणि वेल्शमध्ये क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं, बायबलच्या हिब्रूतही. आयरिशमध्ये शब्दयोगी अव्ययाला सर्वनाम चिकटतं, अगम म्हणजे माझ्यापाशी, अगत म्हणजे तुझ्यापाशी, हिब्रूत ली, लेखा, लो. 'राजाचा मुलगा' आयरिशमध्ये माक अन री, हिब्रूत बेन हा-मेलेख, दोन्हीकडे 'द' सारखं उपपद एकदाच आणि मधोमध. जॉन मॉरिस-जोन्स यांनी १९०० मध्ये यावर निबंध लिहिला, पुढे पोकोर्नी आणि अगदी अलीकडे फेनेमान यांनी मांडलं की या बेटांवर केल्टिकच्या आधी सेमिटिकसारखी कुठली तरी भाषा असेल. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, कारण क्रियापद पुढे ठेवणाऱ्या भाषा हवाईपासून फिलिपिन्सपर्यंत जगभर आहेत आणि ते एकदा झालं की बाकीच्या काही सवयी आपोआप मागे येतात. आणि समजा पटलं तरी तो लेखनपूर्व काळातला थर, त्याचा इ.स.पू. ८ व्या शतकातल्या टोळ्यांशी संबंध नाही. शब्दसंग्रह बघितला की शंका राहत नाही: आयरिश दोन, तीन, आठ, दहा म्हणजे डो, त्री, ओख्त, जेह, संस्कृतात द्वि, त्रि, अष्ट, दश, हिब्रूत श्नायिम, शालोश, श्मोने, एसेर. आई आयरिशमध्ये माहिर, भाऊ ब्राहिर, राजा री. आयर्लंडची भाषा आपली लांबची बहीण आहे, हिब्रूची नाही.

डीएनएच्या बातमीत अर्धं खरं आहे. २०१५ मध्ये बेलफास्टजवळच्या बॅलिनाहॅटीच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा आणि राथलिन बेटावरच्या तीन ब्राँझयुगीन पुरुषांचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्या स्त्रीचे बहुतेक पूर्वज अॅनातोलियाकडून पसरत आलेले शेतकरी होते, म्हणून मथळे आले की आयरिश मध्यपूर्वेतले. पण इस्रायल हे नाव पहिल्यांदा दिसतं ते मर्नेप्ताह फारोच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराला, म्हणजे ती स्त्री त्याच्या जवळपास दोन हजार वर्षं आधी मेलेली होती, आणि शेती पसरली ती सगळ्या युरोपभर. राथलिनच्या पुरुषांमध्ये काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा मोठा वाटा आहे आणि आजच्या आयरिश लोकांशी साम्य त्यांचं जास्त.

आणि रोजच्या जगण्याचं काय? दान टोळी आली असती तर काहीतरी सवयी राहिल्या असत्या. इस्रायलच्या डोंगराळ भागातल्या लोहयुगीन वस्त्यांमध्ये डुकराची हाडं जवळजवळ नाहीत. आयर्लंडमध्ये अल्स्टरच्या राजांच्या नेव्हन फोर्टला डुकरांच्या मेजवान्या व्हायच्या, दुरून दुरून डुकरं आणली जायची, आणि कथांमध्ये तर देवलोकातल्या जेवणात कापलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी परत जिवंत होतं, मॅक दाथोच्या डुकरावरून वीरांची मारामारी होते.

खरा धागा असला तर तो कसा दिसतो हे आपल्या कोकणात बघायला मिळतं. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांच्याकडे ग्रंथ राहिले नाहीत, हिब्रू जवळजवळ गेली, मराठी झाले, गावावरून आडनावं आली, तेलाचा घाणा चालवला. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने शनिवार तेली म्हटलं, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले असलेलाच मासा, आणि शेमा प्रार्थनेची सुरुवात ओठावर. २०१६ च्या जनुकीय अभ्यासातही ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही अंश त्यांच्यात दिसले. ते नेमके कधी आले, कुठून आले यावर वाद आहेत, असू देत, पण शरीर, सवय, प्रार्थना, सगळं एका दिशेला बोट दाखवतं. आयर्लंडच्या बाबतीत यातलं एकही नाही, फक्त नावांची आवाजातली जुळणी.

कोणी म्हणेल की लोकांना आवडतं तर राहू दे ना, कुणाचं काय जातं. जातं. अमेरिकेत याच विचारातून २० व्या शतकात ख्रिश्चन आयडेंटिटी नावाचा पंथ निघाला, त्यांचं म्हणणं खरे इस्रायली म्हणजे गोरे लोक आणि ज्यू हे तोतये, आणि त्यातल्या काही गटांनी खून केलेत. ब्रिटनमधले सुरुवातीचे बरेच लोक भोळे आणि भाविक होते, पण ज्या क्षणी तुम्ही दुसऱ्याचा पूर्वज आपला म्हणता त्या क्षणी त्याच्या खऱ्या वारसाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा वाईट निघतं.

वाचायचं असेल तर माझा सल्ला, लेबोर गबालापासून सुरुवात करू नका, त्याचे पाठ एकमेकांत फार गुंतलेले आहेत आणि मॅकॅलिस्टरची १९३८ ते १९५६ मधली पाच खंडांची आवृत्ती नवख्याला दमवते. आधी माग तुरेदच्या दुसऱ्या लढाईची कथा वाचा, तिथे तुआहा डे लोक जिवंत भेटतात, लुग, चांदीच्या हाताचा नुआदा, दाग्दा आणि त्याची कढई. मग बायबलमधलं निर्गम आणि शास्ते वाचा, मराठीत सहज मिळतात. त्यानंतर लेबोर गबालाचा इजिप्तचा भाग उघडा, म्हणजे भिक्षूने कुठली ओळ कुठून उचलली आणि कुठे मुद्दाम बदलली ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.